तरंगी बुडाली की सांग

मरोळ,
३ नोव्हेंबर १९५७

प्रिय हर्बर्ट,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग काय ते कर. तुझा ट्रॉम्बेचा पत्ता शेजारच्या एथेलने दिला. तिचा नवरा तुमच्या तिथल्या बांधकामावर आहे. त्याने तुला कॅन्टीनमध्ये पाहिलं म्हणे. बारीक झालायस, असं सांगत होता. जेवतोस ना वेळेवर?

इथे सगळं ठीक. पपा बरे आहेत. मी अजून त्याच शाळेत, तिसरीच्या वर्गावर.

आता तुला हसू येईल अशी बातमी देते. मी गळ टाकून मासे गरवायला लागले आहे. हो, मीच. जिला तू गांडूळ दाखवून गावभर पळवायचास, ती तुझी बहीण हातात काठी घेऊन पवईच्या तलावावर बसते. आई गेल्यावर पपांनी तलावाची वाट धरली, हे तुला माहीत नसेल. तू तोवर घर सोडलं होतंस. शेत सरकारने घेतलं, घरात आई नाही, मग माणूस करणार काय? क्लेमेंटकाकांच्या ओळखीने मासे गरवायचा पास मिळाला आणि दोघं म्हातारे रोज काठावर बसू लागले. हल्ली काका येत नाहीत, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की मी जाते.

रोहू हा मासा खाडीतल्या माशांसारखा अधाशी नाही रे. गळाला आपण कणकेचा गोळा लावतो, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग. तो येतो, ओठांनी चाचपतो, थुंकतो, निघून जातो, परत येतो. पाण्यावर दोरीला बांधलेली तरंगी उभी असते, मोरपिसाचा देठ असतो तो. ती नुसती थरथरली तर हात लावायचा नाही. तिरकी होऊन सरळ खाली गेली की मनगटाचा एकच झटका. मला हे कळतं, पण ती थरथरली की मला राहवतच नाही. मी उचलते आणि गळ रिकामा वर येतो.

पपा म्हणतात, “इवे, तो अजून वास घेतोय गं. त्याच्यापुढचं ताट का ओढतेस?”

पहिल्या दिवशी गळ माझ्याच झग्यात अडकला. दुसऱ्या दिवशी झाडात. आजवर मला एकही मासा मिळालेला नाही.

पपांचा चष्मा मात्र बदलायला झालाय. परवा आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावत होते. काडी जळत बोटापर्यंत आली तरी वात सापडेना. बाकी काही नाही. चष्म्याचंच आहे.

दोन ओळी लिही.

तुझी,
इव्हा


मरोळ,
१७ नोव्हेंबर १९५७

प्रिय हर्बर्ट,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

क्लेमेंटकाका का येत नाहीत ते विचारायला मी त्यांच्या घरी गेले. आधी सर्दीचं कारण सांगत होते. मी उठेना, तेव्हा म्हणाले, “तुझ्या बापाने, अर्बनने, काठी फिरवली आणि गळ माझ्या कानाला घासून गेला. मी त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर बसलो होतो, इव्हा. तो मला म्हणतो, अरे, तू इकडे कधी आलास? आम्ही सकाळपासून एकत्र होतो. मी त्याला काही बोललो नाही. शाळेपासूनचा दोस्त आहे. पण उद्या माझा डोळा गेला तर?”

मला वाटलं, काका वाढवून सांगतायत. म्हणून काल मी पपांकडे नीट लक्ष ठेवलं. वारा होता. त्यांची तरंगी हळूहळू वाहत काठाला आली आणि आमच्या पायाशी दगडांत आडवी पडली. पपा पाण्याकडे टक लावून होते. म्हणाले, “बघ, कशी छान उभी आहे. हलू नकोस.”

मी म्हटलं, “हो.”

मग थोड्या वेळाने तेच म्हणाले, “बुडाली की सांग हं. माझं लक्ष त्या बगळ्याकडे आहे.”

तिथे बगळा नव्हता, हर्बर्ट. समोर नुसतं पाणी होतं.

म्हणजे हे केव्हापासून चाललंय? घरात ते भिंतीला हात लावत चालतात ते मला दिसत होतं. मी समजत होते, गुडघे दुखत असतील. पाऊलवाट, चर्च, विहीर सगळं पाठ आहे त्यांना. पण साकीनाक्याचा रस्ता? तिथे खडीच्या लॉऱ्या धावतात. आठवडाभर मी शाळेत असते आणि हे एकटे काठी खांद्यावर टाकून जातात. गुरुवारी एका लॉरीवाल्याने त्यांना शिव्या घातल्या. त्यांनीच मला हसत हसत सांगितलं, “साला, आंधळ्यासारखा चालवत होता.”

तेव्हापासून शाळेत माझं चित्त नाही. दारात कुणी आलं की वाटतं, मलाच बोलवायला आलंय. काठी लपवून ठेवावी, असं मनात येतं. पण ती काढून घेतली तर त्यांच्याजवळ काय उरतं?

त्यांना काही विचारायची माझी हिंमत नाही. तू असतास तर दोघांनी मिळून विचारलं असतं.

इव्हा


मरोळ,
१ डिसेंबर १९५७

हर्बर्ट,

मी त्यांना खोटं सांगून अंधेरीला नेलं. नवा चष्मा करू म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग मला आत बोलावलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डावा अजून थांबेल. उजवा इतका पिकलाय की आतून फुगायला लागलाय. ऑपरेशन लवकर झालं तर नजर परत येईल. लांबवलं तर डोळ्यावरचा ताण वाढून तो कायमचा जाईल, आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही.

पपा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. ते सरळ रस्त्यावर गेले. मी मागे धावले, दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि भर रस्त्यात मला म्हणाले, “तुझ्या भावाने तेरेसाला नेलं. आता तू मला न्यायला निघालीस?”

घरी आल्यावर जेवले नाहीत. मी खूप बोलले. रागाने बोलले, रडून बोलले. त्यांचं एकच, “चालत गेली माझी बायको. पेटीतून आली.”

हे वाक्य तू त्यांच्या तोंडून आईच्या महिन्याच्या मिस्सेला ऐकलंस, सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि तसाच बाहेर पडलास. मी तुला थांबवायला दारापर्यंत आले होते, पण तू वळून बघितलं नाहीस.

आता मी तुझ्या जागी आहे, म्हणून विचारते. त्या दिवशी तू एवढा धीर कुठून आणलास? आई पोट धरून पडली होती, पपा ओवा द्या म्हणत होते, आणि तू टॅक्सी आणायला अंधेरी स्टेशनला पळालास. तुला भीती वाटली नाही? मला वाटते. समजा मी त्यांना तयार केलं आणि टेबलावर काही झालं, तर? मग मीही घर सोडायचं का? घर सोडून जाऊ तरी कुठे, आणि मागे राहणार कोण?

मी डॉक्टरांना अजून हो किंवा नाही सांगितलेलं नाही. ते म्हणतात, नाताळपर्यंत ठरवा.

तलावावर जाणं चालू आहे. मी नाही गेले तर ते एकटे जातील. तिथे ते माझ्याशी बोलतात, घरी बोलत नाहीत. म्हणून मी तिथेच बसते आणि तरंगी बुडाली की सांगते.

इव्हा


मरोळ,
१५ डिसेंबर १९५७

प्रिय हर्बर्ट,

आज मला मासा मिळाला. पण ते नंतर सांगते. आधी हे वाच की पपा सुखरूप आहेत. आत झोपलेत, अंगावर दोन गोधड्या आहेत, ताप नाही. मी दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून येते.

सकाळच्या मिस्सेनंतर गेलो. आज तलावावर गर्दी नव्हती. पाण्यात जिथे एक खडकाची पायरी आहे, तिथे आम्ही बसतो. मी मूठभर भिजवलेला कोंडा टाकला, गळ टाकला आणि बसले. तरंगी थरथरायला लागली. मी हात मांडीखाली दाबून धरला. खरंच सांगते, बसले त्याच्यावर. ती तिरकी झाली. मग गेली! मी झटका दिला आणि काठी अशी वाकली की मला वाटलं, तळाच्या दगडात अडकली. पण दगड पळायला लागला.

“पपा!” मी ओरडले.

“ऐकू येतंय मला,” पपा उभे राहिले. काठीवरची दोरीची चरखी करकरत होती, त्या आवाजावरूनच त्यांना सगळं कळत होतं. “ओढू नकोस. जाऊ दे त्याला. जाऊ दे, पण दोरी सैल सोडू नकोस. आता थांबला का? आता गुंडाळ. हळू. परत पळाला? पळू दे.”

कितीदा तो जवळ आला आणि कितीदा लांब गेला. शेवटी पाण्यात तांबूस पाठ दिसली, ही एवढी रुंद. पपांनी हातजाळी उचलली. मी म्हटलं, “तुम्ही राहू द्या, मी करते.” ते म्हणाले, “एका हाताने काठी आणि एका हाताने जाळी? तुझ्या बापालाही जमत नाही ते.” आणि ते पायरीवर उतरले.

पायरी कुठे संपते ते त्यांना दिसत नव्हतं. मला माहीत होतं की दिसत नाही. मी “थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि ते दिसेनासे झाले. नुसती टोपी पाण्यावर.

मी काठी फेकली. पायरीवर पालथी पडून हात घातला, तेव्हा सदऱ्याची कॉलर हाती लागली. ती धरून ओढलं. ते वर आले, खोकले, परत घसरले. मी काय काय ओरडत होते मला आठवत नाही. बहुतेक आईला हाका मारत होते. कसे वर आले देव जाणे. त्यांचा पाय कुठेतरी टेकला असावा.

मग आम्ही दोघं ओले, खडकावर बसलो. त्यांचे दात वाजत होते. मला वाटलं, आता ओरडतील, काठी टाकलीस म्हणून. ते म्हणाले, “इवे, मला काही दिसलं नाही गं. वरही पांढरं, खालीही पांढरं. वर कुठे, तेच कळेना.”

मी त्यांचे हात चोळत होते. थोड्या वेळाने ते तुझ्याबद्दल बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांचेच शब्द लिहिते.

“हर्बर्टने मला आदल्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. पपा, हे साधं दुखणं नाही, नेऊ या. मी म्हटलं, वारा धरलाय, ओवा दे. त्याने रात्रीही सांगितलं. मी त्याला गप्प बस म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझं ऐकलं नाही आणि नेलं. तिकडे डॉक्टर म्हणाला, काल का नाही आणलीत? हर्बर्ट माझ्याकडे बघून गप्प राहिला. त्याने माझं नाव सांगितलं नाही. आणि मी सगळ्या गावासमोर त्याचं नाव सांगितलं.”

हर्बर्ट, हे मला माहीत नव्हतं. तू का नाही बोललास रे?

तेवढ्यात कमळाच्या पानांत काहीतरी हललं. माझी काठी! मूठ पानांत अडकली होती आणि टोक आपोआप खालीवर होत होतं. मी पपांना सांगितलं. ते म्हणाले, “मग बसलीस काय? जा!” मी झगा खोचला आणि कमरेपर्यंत पाण्यात उतरले. मासा अजून होता, पण दमलेला. पपा काठावरून विचारत होते, “तोंड वर काढलं का? आडवा झाला का?” मी सांगत होते. आडवा झाला तेव्हा त्यांनी सांगितल्याप्रमाणे जाळी त्याच्या डोक्याकडून घातली आणि छातीशी धरून बाहेर आणला.

पपांनी त्याच्यावरून हात फिरवला. डोकं, ओठ, खवले, शेपटी. “रोहू,” म्हणाले. “मोठी बाई आहे. पहिला मासा असा कुणाला मिळतो?”

घरी आणून आपल्या वर्षभराच्या बाटली मसाल्यात केला. डोकं क्लेमेंटकाकांकडे पाठवलं. गोड्या पाण्यातल्या माशाला काटे फार. मी निवडून देऊ लागले, तर पपा म्हणाले, “राहू दे, जिभेला दिसतं.” मग ताटातच हात ठेवून म्हणाले, “त्या डॉक्टरला सांग, मी येतो.”

ते पुढे म्हणाले, “हर्बर्टला कळवू नकोस. त्याने आणखी एकदा तसल्या व्हरांड्यात बसायला नको.”

मी कळवते आहे. आणि मला खूप भीती वाटते आहे.

तुझी,
इव्हा


मरोळ,
५ जानेवारी १९५८

प्रिय हर्बर्ट,

बुधवारी, ८ तारखेला सकाळी ऑपरेशन. हॉस्पिटल अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, मार्केटच्या मागे. पुरुषांचा वॉर्ड तळमजल्यावर, खिडकीजवळची खाट. पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

नाताळला वाटायच्या फराळासाठी, कुसवारासाठी, करंज्या केल्या, त्याही धड फुगल्या नाहीत. फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले, आणि पपा त्यांना तलावात मासे कुठे लागतात ते समजावत बसले. ते शांत आहेत. मीच सारखी उठून बसते. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या ऑपरेशनने माणूस मरत नाही. पण साठीच्या पुढचं वय, त्यात तो तलावातला खोकला अजून गेलेला नाही. टेबलावर खोकले तर? मी हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “खोकू नका म्हणावं.” हे काय उत्तर झालं?

तू ये, असं मी लिहीत नाही. कुठे आहे ते फक्त सांगितलं.

इव्हा


मरोळ,
१२ जानेवारी १९५८

हर्बर्ट,

ऑपरेशन झालं. खोकले नाहीत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची बंदी. डॉक्टर म्हणतात, चांगलं झालंय, पण पट्टी सुटेपर्यंत खात्री देत नाही.

आता दुसरं. शुक्रवारी दुपारी मी शाळेत असताना कुणीतरी पपांकडे येऊन गेलं. शेजारच्या खाटेवर काशीराम म्हणून गिरणीतले गृहस्थ आहेत, त्यांचा एक डोळा उघडा आहे. त्यांनी मला सांगितलं. “उंच, सावळा माणूस आला. स्टुलावर बसला. तोंडातून शब्द नाही हो काढला. तुमचे वडील मात्र एकसारखे बोलत होते.”

मी पपांना विचारलं, कोण आलं होतं? म्हणाले, “मला काय ठाऊक? डोळे बांधलेत माझे.”

“मग एवढं काय बोलत होतात?”

“माशाचं सांगत होतो. माझ्या मुलीने रोहू कसा काढला ते. बसला होता बिचारा ऐकत, म्हणून सांगितलं.”

काशीराम म्हणाले, त्याने जाताना यांच्या पायावरची चादर नीट केली. मग पपा नर्सला म्हणाले, माझं नाक पुसा, मला हात वर न्यायची बंदी आहे.

मी पुढे काही विचारलं नाही. पण शनिवारी, १८ तारखेला सकाळी पट्टी सुटणार आहे, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. शनिवारीच ना? सकाळीच ना? जणू मी ते आणखी कुणाला सांगणार आहे.

सांगितलं.

इव्हा


मरोळ,
१६ मार्च १९५८

हर्बर्ट,

हे मी लिहितोय, तुझा बाप. परवा जाड भिंगाचा चष्मा आला. अक्षर मोठं काढतो, लहान अजून जमत नाही. इव्हाला म्हटलं, आज पत्र मी लिहिणार. ती चुलीपाशी बसून माझ्याकडे बघते आहे. मला ती दिसते आहे. तिचे केस पिकायला लागलेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पट्टी सोडली त्या दिवशी तू खाटेच्या पायाशी उभा होतास. मी म्हटलं, नमस्कार, डॉक्टरसाहेब. इव्हा रडली, तिला वाटलं मी मुद्दाम बोललो. मुद्दाम नव्हतं. पांढरा शर्ट आणि वर काळं डोकं, एवढंच दिसलं. नंतर तू “पपा” म्हणालास तेव्हा कळलं. तोवर तू माझा हात धरला होतास आणि मला बोलता येईना.

म्हणून इथे लिहितो. आदल्या दिवशी सकाळी तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. तेरेसाला उशीर माझ्यामुळे झाला. तू तिला नेलंस हे बरोबर केलंस. महिन्याच्या मिस्सेला जे मी सगळ्यांसमोर बोललो, ते खोटं होतं. ईस्टरला घरात माणसं येतील, तेव्हा हे मी त्याच माणसांसमोर बोलणार आहे. तू तिथे असावंस.

ट्रॉम्बेचं जेवण बरं नसेल तर इथून कामाला जात जा. तुझी खोली इव्हाने झाडली आहे. मी तिला झाड म्हटलं नव्हतं.

डावा डोळा ईस्टर झाल्यावर करायचा आहे. डॉक्टरने विचारलं, तुम्हाला घेऊन कोण येणार? मी म्हटलं, मुलगा आणील.

अर्बन